जोरचाचांची चावी

चाचांचं खरं नाव आमच्या बाजारात कुणाच्याच तोंडी नव्हतं. सगळे त्यांना जोरचाचा म्हणत. अंगानं म्हणाल तर फुंकर घातली की उडतील! पण शिलाईचं यंत्र असो की घड्याळ, दुरुस्त करून झालं की हे हटकून विचारणार, "वैनी, ह्यात जोर कुणाचा?" आणि उत्तराला न थांबता स्वतःच सांगणार, "तुमच्या पायाचा. पायातला जोर चाकात गेला, चाकातला सुईत. जोर मरत न्हाई, कपडं बदलतो."

मी लग्न होऊन लोणावळ्यात आले तेव्हा मला याचं हसू यायचं. आमच्या भिंतीवरच्या घड्याळाला आठवड्याची चावी लागे, ती द्यायला चाचाच येत. चावी पिळून झाली की म्हणत, "आता आठवडाभर माजी बोटं तुमच्या भिंतीवर बोलनार."

"बोलू देत, पण वेळेवर बोलू देत!" मी म्हणे. मग ते चहा पिऊन जात.

या वेडामागचं दुःख मला उशिरा कळलं. चाचांचं डोंगरापलीकडचं गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं होतं. गावाबरोबर कबरस्तान गेलं, आणि त्यात त्यांची बायको अमीना. ती लग्नानंतर लवकरच वारली होती. दर जुमेरातीला, म्हणजे गुरुवारी, संध्याकाळी ते तिच्या कबरीवर दिवा लावत. आता लावणार कुठं?

धरणाच्या पाण्यापासून वीज होते, हे कधीतरी त्यांच्या कानावर आलं आणि माणूस पुन्हा उभा राहिला. स्टेशनात नुकतेच विजेचे दिवे लागले होते. दर जुमेरातीला चाचा धुतलेली टोपी घालून, ओंजळीत फुलं घेऊन फलाटावरच्या एका दिव्याखाली उभे राहू लागले. मला म्हणाले, "पान्याचा जोर चाकात, चाकाचा तारंत, तारंचा उजेडात. तिच्या उशाचं पानी हाय ते. पैलं मी तिला दिवा दावायचो, आता ती मला दावती."

एका जुमेरातीला स्टेशनातल्या विजेच्या तारा बघणाऱ्या तारवाल्यानं त्यांना विचारलं, इथं कुणाची वाट बघता? चाचांनी सगळं सांगितलं. तो सरळ माणूस, जे खरं ते बोलून गेला. हे दिवे कोळशावरच्या इंजिनाच्या विजेचे. धरणाचं पाणी घाटाखाली उतरतं आणि तिथली वीज पार मुंबईला जाते.

फुलं तशीच हातात घेऊन चाचा आमच्या दारात आले आणि तारवाल्याचं बोलणं सांगितलं. मी समजूत घालायला गेले, "अहो, मुंबईत कुणाच्या तरी घरी उजेड पडत असेल की!"

"पडत आसंल," ते म्हणाले. "पर त्या घरात तिला कोन वळखतं?"



पुढं 'जोर कुणाचा' हे विचारणंच संपलं. दुरुस्त केलेली वस्तू मुकाट्यानं पुढं सरकवत. आमच्या घड्याळाला चावी मात्र देत राहिले. ऐन पावसात छातीत कफ भरला आणि गेले. त्यांना लोणावळ्यातच पुरलं. अमीनाच्या आणि त्यांच्या मध्ये अख्खा डोंगर.

माती देऊन माणसं परतली तरी आमचं घड्याळ चालूच होतं. चाचांच्या बोटांनी! चावीला मी कुणाला हात लावू दिला नाही. घरचे म्हणाले, हिला वेड लागलंय. लागू दे! मी येता-जाता भिंतीपाशी उभी राहून ऐकत असे.

एका दुपारी भाकरी थापताना घर एकदम सुनं वाटलं. बघते तर लंबक थांबलेला.

जोर मरत न्हाई म्हणत होतात ना? मग सांगा चाचा, गेला कुठं?