टाचणी न धरणारं चुंबक

माझ्या चुंबकाला टाचणीसुद्धा चिकटत नाही, हे आण्णांना सांगायला मला दोन वर्षं लागली. तोवर त्यांनी आमच्या उत्रोली गावभर करून ठेवलं होतं, की पुण्यात आपली लेक लेझरचा उजेड पाडून चुंबकं फिरवते. (तसं ते खरंच होतं. फिरायचे ते आतल्या इलेक्ट्रॉनांचे स्पिन, म्हणजे एकेका इलेक्ट्रॉनाच्या अंगचं इवलंसं चुंबकत्व. पण एवढं भाताच्या बांधावर उभं राहून कोण सांगणार?)

२००४ च्या दिवाळीत मी आमच्या त्या चुंबकाचा एक फुटका तुकडा घरी आणला. आण्णांचे जिवलग दोस्त रशीदचाचा, ज्यांचं भोरला रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं, फराळाच्या निमित्ताने तो बघायला आले. त्यांनी टाचणी लावली. पडली. पुन्हा लावली, पुन्हा पडली.

"आगं, टाचनी धरत न्हाई त्याला चुंबक का म्हनायचं?" आण्णांनी हळूच विचारलं.

मी सांगितलं, की यातले शेजारचे स्पिन दोन जावांसारखे असतात. एकीने पूर्व म्हटलं की दुसरी पश्चिम! दोघींचा जोर एकमेकींतच जिरतो, त्यामुळे बाहेरच्याला घर अगदी शांत वाटतं. चाचांनी मान डोलावली, पण दोस्तापुढे आण्णांचा चेहरा उतरलेला मला बघवेना. मी पिशवीतून प्रयोगशाळेतलं दुसरं, चांगलं दणकट चुंबक काढलं, टेपरेकॉर्डरवर पडलेल्या कॅसेटवर ठेवलं आणि वर विळा टेकवला. खटकन बसला! आण्णांनी ओढला, चाचांनी ओढला, चुंबक काही विळा सोडेना. घराण्याची अब्रू राखल्याच्या ऐटीत मी चकली खाल्ली.

ती कॅसेट आईची होती. आईला जाऊन तीन वर्षं झाली होती आणि तिचा आवाज तेवढ्या एका ठिकाणी उरला होता. तोही चुकून. टेप नवा आणला त्या दिवशी आण्णा त्यात खाकरून बघत होते आणि आई मागून ओरडली होती. दर दिवाळीला आण्णा ते ऐकत आणि मगच करंजीला हात लावत. त्या दिवशीही त्यांनी बटण दाबलं. "आवो," आई म्हणाली, आणि पुढे नुसती खरखर.

उजेडाने चुंबकात कसं लिहिता येईल, यावर मी प्रबंध लिहीत होते, आणि त्या दणकट चुंबकाने कॅसेटवरचं आईचं बोलणंच पुसून बसले होते. मला रडू आवरेना.

आण्णा खरखर ऐकत राहिले. मग हुबेहूब आईच्या चढ्या सुरात म्हणाले, "म्हस सुटली, भातात शिरली, आन तुमी त्या डबड्याशी काय बोलत बसलाय?" आणि माझ्याकडे वळून, त्यांच्या स्वतःच्या आवाजात, "मला समदं पाठ हाय. रडू नगं."

चाचांनी टेप मागे घेतला, 'आवो'पाशी थांबवला आणि रेकॉर्डचं बटण दाबून आण्णांना पुन्हा म्हणायला लावलं. तेव्हापासून त्या कॅसेटवर आई फक्त हाक मारते, पुढचं आण्णा स्वतःच स्वतःला झापतात.

पुढे मला डॉक्टरेट मिळाली, आण्णांनी गावभर पेढे वाटले. पण अजूनही मी घरी गेले, की डॉक्टरीणबाईंचे वडील उंबऱ्यात टाचणी घेऊन उभे असतात. ती माझ्या पिशवीला चिकटली नाही, तरच मला आत घेतात.