स्वारगेटचा भेक

लोक दिसलेल्या प्राण्यांच्या नोंदी टाकतात अशा एका वेबसाइटच्या नकाशावर स्वारगेटच्या एसटी स्टँडवर अकरा लाल ठिपके होते. अकराही मी टाकलेले. एक ठिपका म्हणजे एक भेक. भेक हा बेडकाचाच भाऊबंद, पण कातडी खरखरीत. आमचा तर अंगठ्याच्या पेराएवढा. वारज्याच्या पुढे एका डोंगराच्या माथ्यावर काळ्या कातळाचा सडा, म्हणजे उघडं सपाट पठार आहे, तिथल्या चपट्या दगडांखाली तो राहायचा. स्टँडवर त्याचं काहीही काम नव्हतं.

शनिवार पेठेत माझे सर राहतात. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेत. हा भेक नेहमीच्या भेकाहून वेगळा आहे, हे पहिल्यांदा त्यांच्या लक्षात आलं. डोळ्यामागची ग्रंथी लांबट नाही, गोल. बोटांमध्ये पडदा जवळजवळ नाहीच. पिल्लं डबक्यात नाही, ओल्या कातळाला चिकटून वाढतात. पण नवी जात म्हणायची तर आधी मोजमापं, मग डीएनए, मग संग्रहालयातल्या जुन्या नमुन्यांशी ताडून बघणं. परवानगी काढून घेतलेले दोन नमुने सरांनी बाटलीत ठेवलेत. वर्षं गेली त्यात.

"नाव मिळेपर्यंत तो कुणीच नाही," सर म्हणायचे. "सरकारी कागदावर तर नाहीच नाही."

स्वारगेट का, तेही सांगते. आमच्या एका मित्राने पूर्वी दुसऱ्या सड्यावरच्या बेडकाची जागा खरी टाकली होती. पुढच्याच रविवारी तिथे गाड्यांची रांग. कॅमेरेवाल्यांनी दगड उलटेपालटे केले आणि तसेच टाकून गेले. तेव्हापासून आमच्यात नियम झाला: खरी जागा फक्त सरांच्या वहीत. वेबसाइटवर, जिथून बस पकडली ते ठिकाण; तिथल्या जागा लपवायच्या सोयीवर आमचा भरवसा नव्हता. मला याचा अभिमान होता. आम्ही हसायचो, स्वारगेटचे भेक पास काढून फिरतात म्हणायचो.

मग त्या माथ्यावर टाउनशिप आली. म्हणजे आधी जाहिरात आली, मग रस्त्यासाठी डोंगर फोडायची परवानगी मागितली गेली. मी पत्रक लिहिलं, "हा भेक जगात फक्त इथे आहे." वारज्याच्या सिग्नलला उभी राहून वाटलं. जनसुनावणी एका शाळेच्या हॉलमध्ये, भर एप्रिलमध्ये होती. सर तब्येतीमुळे आले नव्हते; त्यांची वही माझ्याकडे होती.

कंपनीच्या सल्लागाराने लॅपटॉप उघडला. पडद्यावर तोच नकाशा आणि खाली माझं नाव.

"ताई, आपणच का या?"

"हो."

"मग आपल्याच नोंदीनुसार हा प्राणी स्वारगेटला सापडतो."

हॉल हसला. मागून कुणीतरी ओरडलं, "अहो, गावाला निघाला असेल सुट्टीत!"

मी म्हटलं, जागा मुद्दाम चुकीची टाकलीय.

"म्हणजे खोटी नोंद केलीत?" अध्यक्षस्थानी बसलेल्या साहेबांनी विचारलं.

"त्याला वाचवायला."

"कुणापासून?"

"तुमच्यासारख्यांपासून."

हे इतिवृत्तात आलं नाही. मी सरांची वही पुढे केली. साहेबांनी दोन पानं उलटली. "पेन्सिलीने लिहिलंय. हे कुणीही घरी बसून लिहील."

"मग वर चला. पावसाळ्यात चला, दगड उचलून दाखवते. आत्ता ते कातळाच्या भेगांत आत गेलेत."

"पावसाळ्याच्या आधी निर्णय द्यायचाय, ताई." आणि शेजारच्या कारकुनाला म्हणाले, "लिहा. सदर प्राणी प्रकल्पक्षेत्रात आढळत नाही. शहरी भागात आढळतो."

तिथून थेट सरांकडे गेले. तोंडात येईल ते बोलले. "सर, नियम तुमचा होता!"

"माझाच," ते म्हणाले. "पण मी कॅमेऱ्यांचाच विचार केला. पोकलेनचा केला नाही."

एवढंच. मला त्यांच्याशी भांडायचं होतं, तेही त्यांनी होऊ दिलं नाही. आणि खरं तर पत्रक छापण्याआधी ठिपके दुरुस्त करायचं मला सुचायला हवं होतं. जगाला जागा ओरडून सांगत होते आणि नकाशावर ती लपवून ठेवली होती. दोन्ही मीच.

जुलैत वर गेले. गेटवरच्या वॉचमनने विचारलं, "फ्लॅट बघायचाय का?" हो म्हणून आत गेले. सड्याच्या जागी मुरूम पसरून, दाबून सपाट केलेला. उचलायला एक दगड नव्हता.

गेल्या महिन्यात डीएनएचा अहवाल आला. जात वेगळीच आहे. सरांचं बरोबर होतं. आता शोधनिबंधात पहिला नमुना कुठे मिळाला ते लिहावं लागतं. सरांनी फोन करून विचारलं, "काय लिहू?"

"खरं लिहा," मी म्हटलं.

मग वेबसाइट उघडली. एकेक ठिपका स्वारगेटवरून उचलून माथ्यावर नेऊन ठेवला. प्रत्येक वेळी ती विचारते, ठिकाण लोकांपासून लपवायचं आहे का?

अकरा वेळा "नाही" दाबलं.