खिशातले दोन चाकू

आज स्वयंपाकघरातून पिकल्या जांबांचा वास आला. पेरूला आम्ही जांबच म्हणतो. त्या वासासरशी मी थेट फुलचूर गावातल्या त्या बैठकीत जाऊन बसलो.

दोन हजार तीन-चारचं साल असेल. मुलगी पाहायला गेलो होतो. घडीच्या चाकूंचं वेड मला तेव्हा नवंनवं लागलं होतं. घाम पुसायला रुमाल काढला, तर त्याच्यासोबत चाकूही खणकन फरशीवर पडला.

"पाव्हणे, खिशात चाकू कायले?" मुलीच्या मामांनी विचारलं.

"फळं कापाले," मी म्हणालो. आणि गडबडून, उघडायच्या पद्धतीतला फरक समजावून सांगायला म्हणून, दुसऱ्या खिशातलाही काढून शेजारी ठेवला. मामांनी खुर्ची मागे सरकवली.

तेवढ्यात मुलगी जांब धुऊन घेऊन आली. पहिल्या चाकूच्या खाचेत तिनं नख घातलं, पण बोट निसटलं. दुसऱ्याच्या पात्यावरची बारीक घुंडी अंगठ्यानं ढकलली, तसं पातं खट्टकन उघडलं.

"तो ओल्या हातानं सटकते," ती मला म्हणाली. "हा बरा हाय." आणि जांब कापून बशी माझ्यापुढे ठेवली.

मुलगी पसंत करून आलो, असं मला तेव्हा वाटलं होतं. आता आमच्या कपाटात चाकूच चाकू आहेत. नवा आणला की ती आधी नळाखाली हात ओला करते, मग तो उघडून पाहते. तोवर मी बाजूला उभा असतो, दाखवायला आणलेल्या मुलासारखा.