डाव्या पुढच्या खुराचा खिळा

दाजींना 'दाजी' म्हणायला आमच्या मैदानावर कुणी सुरुवात केली, हे मला नक्की माहीत आहे. त्यांच्या मेहुण्याने. तोपर्यंत तबेल्यातली सगळी माणसं त्यांना उस्ताद म्हणत. मेहुणा कामाला लागला, तो बहिणीच्या नवऱ्याला दाजी म्हणणार हे ओघानेच आलं. पण महिन्याभरात घोडे सांभाळणारे मोतद्दार, जॉकी, घोड्यांचे डॉक्टर आणि फाटकावरचा पहारेकरीसुद्धा त्यांना दाजी म्हणू लागले. हे त्यांनी मला निदान दहा वेळा ऐकवलं असेल. "एकवीस वर्षं उस्ताद होतो," ते म्हणायचे, "याने येऊन मला सगळ्या मैदानाचा सोयरा करून टाकलं."

दाजी नालबंद. घोड्यांच्या खुरांना नाल ठोकणं हा त्यांचा धंदा. मी त्याच मैदानाच्या भांडारात. गवत, ओट्स, नाल, खिळे माझ्या ताब्यात. माझी खिडकी त्यांच्या शेडच्या बरोबर समोर, मधे पंधरा पावलांची सिमेंटची वाट. त्यामुळे खाली लिहिलेलं बहुतेक मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे, आणि उरलेलं त्यांनी स्वतः सांगितलेलं.

आमच्याकडे शर्यती वर्षभर होतात, पण 'मोठी' एकच. वर्षातून एकदा, दीड मैलाची, थरोब्रेड घोड्यांची, म्हणजे ज्यांच्या आई-बापांची यादी आपल्या आई-बापांच्या यादीपेक्षा लांब असते अशांची. मी सांगतो त्या वर्षी तिचं एकशे बारावं वर्ष होतं. जिंकलेल्या घोड्याचं, मालकाचं, ट्रेनरचं आणि जॉकीचं नाव कचेरीच्या भिंतीवर सोनेरी अक्षरांत लागतं. नालबंदाचं लागत नाही. म्हणून नालबंदांनी आपली भिंत वेगळी केली. जिंकलेल्या घोड्याचा डाव्या पुढच्या पायाचा नाल त्याच दिवशी काढायचा, शेडच्या मागच्या भिंतीवर ठोकायचा आणि ज्याने तो बसवला त्याचं नाव खाली लाकडी पट्टीवर तापल्या सळईने उमटवायचं. दाजींच्या गुरूंचे तिथे सहा नाल आहेत. दाजींचा एकही नव्हता. त्यांनी नाल बसवलेले घोडे तीनदा दुसरे आले, त्यातला एक तर फक्त मुंडीभर अंतराने. दुसऱ्या आलेल्याचा नाल कुणी काढत नाही.

मग त्यांच्या हाती एक तपकिरी घोडा आला. कागदावरचं नाव लांबलचक होतं, तबेल्यात सगळे त्याला शहाणा म्हणत. दोन हंगाम त्याचे नाल दाजींनी बसवले आणि तो दर शर्यतीला सुधारत गेला. दाजी मला म्हणाले होते की भिंतीवरची जागा मी बघून ठेवली आहे, खिडकीच्या डावीकडे, उजेड बरा येतो. त्यानंतर पंधरा दिवसांतच शहाण्याने पाय हिसकला आणि दाजींचं मनगट मोडलं. दोन महिने प्लास्टर. तेवढ्यापुरतं शहाण्याचं काम मेहुण्याकडे गेलं. प्लास्टर काढून दाजी परत आले, तेव्हा ट्रेनर म्हणाले की घोडा आता त्याच्या हाताला सरावलाय, तर राहू दे तसंच, तुम्हालाही आराम.

खरी गोष्ट अशी की शहाणा मेहुण्याच्या खांद्यावर मान टाकून उभा राहायचा. दाजींजवळ तो कधी तसा उभा राहिला नव्हता. हे मी खिडकीतून बघायचो आणि दाजीही ऐरणीवर नाल ठोकता ठोकता बघायचे. हातोड्याचा आवाज बदलायचा.

मेहुण्यात राग यावा असं काही नव्हतं, आणि तीच पंचाईत होती. उद्धट असता, कामचुकार असता, तर दाजी सुखाने जगले असते. पण कुणी त्याचं कौतुक केलं की तो म्हणायचा, मला सगळं दाजींनी शिकवलं. दाजींना वाटायचं, हे ऐकून लोक त्याच्या नम्रपणाला नावाजतात, माझ्या शिकवण्याला कोण नावाजतं? रोज सकाळी घोडे वाळूत फिरून आले की दाजी मेहुण्याच्या घोड्यांचे ठसे वाकून तपासायचे. चूक सापडायची नाही. घरीही सुटका नव्हती. बायको भाजीला फोडणी देताना भावाचं नाव घ्यायची, मुलगी गणित अडलं की मामाला फोन लावायची. दाजींनी नवा पंखा आणला, तर मेहुण्याने आठवड्यात तसलाच आणला. त्याच्याकडचा पंखा आवाज करत नाही, असं दाजींनी मला अगदी गंभीरपणे सांगितलं.

मोठ्या शर्यतीच्या आदल्या दिवशी घोड्यांचे रोजचे लोखंडी नाल काढून अॅल्युमिनियमचे हलके नाल बसवतात. प्रत्येक नालाला सहा खिळे. खिळा खुराच्या बाहेरच्या कठीण भागातूनच जायला हवा. आतल्या मांसाच्या फार जवळून गेला तर घोडा लगेच लंगडत नाही, पण आत दाब बसतो, आणि दुसऱ्या दिवशी ऐन पळताना पाय आखडतो. त्या शनिवारी सकाळी मेहुण्याने शहाण्याला नाल बसवले. दुपारी चारला मोतद्दार त्याला फिरवायला सिमेंटच्या वाटेवरून घेऊन गेला. दाजी शेडच्या दारात कानस पुसत उभे होते. त्यांनी मान वर केली, मोतद्दाराला घोडा परत आणायला सांगितलं, मग पुन्हा एकदा. तीन खेपा झाल्या.

"डावा पुढचा," ते म्हणाले. "बाहेरच्या बाजूचा तिसरा खिळा जवळ बसलाय. टाप उशिरा पडते."

मोतद्दाराला काही ऐकू आलं नव्हतं. मलाही नाही, पण माझं सोडा. डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी खुराभोवती पकड लावून खिळ्याखिळ्यावर दाबून पाहिलं, शहाण्याने कानसुद्धा हलवला नाही. तोवर दहा-बारा माणसं जमली होती आणि ट्रेनरही आले होते. मेहुणा बाजूला हात पुसत उभा होता. दाजी पुन्हा म्हणाले की माझं ऐका, खिळा काढा. त्यावर ट्रेनर हसून म्हणाले, "दाजी, कान खुराकडे ठेवा, मेहुण्याकडे नको."

सगळे हसले. मोतद्दार जरा जास्तच हसला. मेहुणा हसला नाही, एवढं मला आठवतं. ट्रेनरनी सांगितलं की शर्यतीच्या तोंडावर खुराला कुणी हात लावायचा नाही, आणि विषय संपला.

दाजींनी घरी जाऊन बायकोला सगळं सांगितलं. त्यांची अपेक्षा होती की निदान ती तरी ट्रेनरला चार शब्द सुनावेल. तिने पीठ मळायचं थांबवलं आणि विचारलं, "तुम्हाला खरंच ऐकू आलं, की ऐकू यायला हवं होतं?"

हा प्रश्न त्यांना ट्रेनरच्या टोमण्यापेक्षा जास्त लागला, कारण तो त्यांना स्वतःलाच वाटेत पडला होता. सव्वीस वर्षं त्यांनी कानावर काम केलं होतं. डोळ्याला न दिसणारं लंगडणं त्यांनी आवाजावरून पकडलं होतं, एकदा नाही, कितीतरी वेळा. पण गेले आठ महिने, शहाणा हातून गेल्यापासून, ते मेहुण्याच्या प्रत्येक घोड्याच्या टापेत खोट शोधत होते. शोधणाऱ्याला सापडायचंच. त्यांनी मला हेही सांगितलं की त्या दुपारी पहिली टाप ऐकल्यावर आधी आनंद झाला आणि काळजी मागून आली. उद्या शर्यतीत शहाणा मागे पडलाय, सगळे वळून आपल्याकडे बघताहेत, हे चित्र त्यांनी चांगलं रंगवून पाहिलं होतं. "खोटं कशाला सांगू," ते म्हणाले, "ट्रेनर माझी माफी मागतोय इथपर्यंत पोचलो होतो."

रविवारी ते शेवटच्या वळणापाशी कठड्याला उभे राहिले. मी शेजारी होतो. भांडारातली जुनी दुर्बीण त्यांनी माझ्याकडून घेतली आणि घोडे सुटायच्या फाटकावर रोखली. मी विचारलं, काय मागताय देवाजवळ? म्हणाले, घोड्याला काही होऊ नये. मग थोडं थांबून म्हणाले, आणि तो दुसरा यावा. मी तीनदा दुसरा आलोय, एकदा मेहुण्याने येऊन बघावं.

चौदा घोडे होते. शहाणा पहिल्या मैलात सहावा-सातवा, कठड्याला चिकटून. दाजींची दुर्बीण वर जातच नव्हती, ते फक्त त्याचा डावा पाय बघत होते. वळणावर तो बाहेर आला, आणि माझ्या नजरेला तरी त्याच्या चारही पायांत काही फरक दिसला नाही. शेवटच्या दोनशे यार्डांत त्याने चौघांना मागे टाकलं. दोन घोड्यांच्या लांबीने जिंकला. आजूबाजूचे लोक एकमेकांच्या अंगावर पडत होते. दाजींनी दुर्बीण खाली केली, पिशवीत घातली, पिशवीचा पट्टा नीट लावला आणि माझ्या हातात दिली. ते म्हणाले, "बसला नव्हता जवळ. माझाच कान गेला."

तासाभराने, घोड्याची तपासणी आणि अंघोळ झाल्यावर, शहाण्याला शेडमध्ये आणलं. तबेला लोटला होता. नाल काढायचा मान ज्याने तो बसवला त्याचा. मेहुण्याने पाय उचलून मांडीवर घेतला, पकड हातात घेतली आणि मग ती दाजींपुढे धरली. "दाजी, तुम्ही काढा." लोकांनी वा वा केलं. दाजींच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी खिडकीतून हजारदा पाहिलेलं होतं. चांगुलपणातही हा माझ्या पुढे, असा तो चेहरा. पण दहा माणसांदेखत नाही कसं म्हणणार? ते बसले आणि खिळे ढिले करू लागले. एक, दोन, तीन. पाच खिळ्यांवर नाल सुटला.

बाहेरच्या बाजूचं तिसरं भोक मातीने आणि गवताने गच्च भरलेलं होतं. ज्या भोकात खिळा असतो तिथे माती शिरत नाही. शर्यत पळताना तिथे खिळा नव्हता. आणि तो पळताना पडलाही नव्हता, कारण खुराच्या बाहेर त्याचं वळवलेलं टोक जिथे असायला हवं तिथे कानशीने सफाईने घासलेलं होतं. तो कुणीतरी आधीच, नीट हाताने काढला होता.

बाकी कुणाच्या हे लक्षात आलं नाही. नाल पुसून भिंतीवर गेला, खिडकीच्या डावीकडेच. सगळे घोड्यामागून बाहेर अंगणात गेले, तिथे फोटोवाला थांबला होता. दाजींनी मेहुण्याचं मनगट धरून त्याला मागे ठेवलं. मीही मागेच राहिलो.

"कधी काढलास?"

"आज पहाटे. मोतद्दार चहाला गेला तेव्हा."

"ट्रेनरना विचारलंस?"

"विचारलं असतं तर काढू दिला असता का?"

दाजींनी सांगितलं की पाच खिळ्यांवर नाल सरकला असता, तर घोडा पडला असता, जॉकी पडला असता, आणि तुला जन्मभर कुणी शेडमध्ये उभं केलं नसतं. मेहुणा म्हणाला, माहीत होतं. मग दाजींनी जे विचारायचं होतं ते विचारलं. खिळा कसा होता? जवळून गेलेला खिळा ओलसर निघतो, कधी टोकाशी वाकलेला असतो. एका नजरेत कळतं.

"बघितला नाही," मेहुणा म्हणाला. "अंधारच होता, घाई होती. काढला आणि डब्यात टाकला. बघायचं काय त्यात? तुम्ही म्हणालात ना, जवळ बसलाय."

त्याला बाहेरून हाका येत होत्या. तो गेला. मला वाटलं दाजीही जातील, पण त्यांनी कोपऱ्यातला मोडीचा डबा ओढला, जमिनीवर गोणपाट अंथरलं आणि डबा त्यावर उपडा केला. दोन-अडीचशे जुने खिळे असतील. ते मांडी घालून बसले आणि एकेक खिळा दारातल्या उजेडाकडे धरून बघू लागले. मी समोर बसलो. बघून झालेले खिळे मी वेगळे ठेवत गेलो, नाहीतर तेच तेच पुन्हा हातात आले असते. मोडीतले खिळे सगळे वाकडेच असतात. अॅल्युमिनियमच्या नालाचे बारीक खिळे निवडले तरी तीसेक झाले, आणि त्यांतला तिसरा कुठला हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. मी तसं म्हणालो.

"मी असतो तर काढला नसता," दाजी खिळ्यांकडे बघतच म्हणाले. "त्याने मला असं सांगितलं असतं ना, तर मी मुद्दाम तसाच पळवला असता."

थोड्या वेळाने मेहुणा दारात आला. फोटोसाठी दाजींना न्यायला आला होता. त्याने गोणपाट पाहिलं, काय चाललंय ते ओळखलं, आणि तो आमच्याजवळ बसून खिळे चाळू लागला.

"तू ऊठ," दाजी म्हणाले. "निदान हे तरी मला एकट्याला करू दे."

तो उठला आणि गेला. आम्ही दोघं पुन्हा कामाला लागलो. बाहेर एकदम टाळ्या पडल्या, बराच वेळ वाजत राहिल्या. दाजींचा हात थांबला.

"घोड्यासाठी की त्याच्यासाठी?" त्यांनी विचारलं.

माझं तोंड दाराकडे होतं, मला अंगण दिसत होतं. मी म्हटलं, त्याच्यासाठी.

"हं," दाजी म्हणाले आणि पुढचा खिळा उचलला.