काकूंनी लावलेला लाल टॅग

भिलाईत लोखंड तयार होत नसेल एवढी सावधगिरी आमच्या शेजारच्या काकांच्या क्वार्टरमध्ये तयार होते, हे मी कोणालाही छातीठोकपणे सांगेन. प्लांटच्या सेफ्टी विभागात त्यांची अख्खी नोकरी गेली. रिटायर झाले तेव्हा विभाग तिथेच ठेवून यायचा, तर तो उचलून सेक्टर दोनला घरी घेऊन आले. बल्ब बदलायचा तर डोक्यावर हेल्मेट. काकू पोळ्या लाटत असल्या की स्वयंपाकघरात शिरण्याआधी दारातूनच आवाज द्यायचा. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे तो लाल टॅग. प्लांटमध्ये मशीन दुरुस्तीला घेतलं की बटन बंद करून त्यावर आपल्या नावाचा टॅग बांधतात. ज्याने बांधला त्यानेच तो सोडायचा, नाहीतर त्याची परवानगी घ्यायची, कारण आत माणूस काम करत असतो. काकांनी हाच कायदा घरी लागू केला. एकदा गिझरला टॅग बांधून स्वारी नागपूरला लग्नाला गेली आणि तिथे वाजंत्रीत फोन काही ऐकू येईना. काकू बिचाऱ्या ऐन थंडीत गार पाण्याने आंघोळ करत बसल्या, पण टॅगला हात लावला नाही हो त्यांनी!

फोनच्या बाबतीतही त्यांचं असंच. फोन म्हणे ब्रेकडाऊनसाठी असतो. सुनेच्या बाळंतपणाला काकू पुण्याला गेल्या त्याला दोन महिने होत आले, पण काकांनी आपणहून फोन केला असेल तर शपथ. तिकडून आला तर "हो, नाही, ठीक" एवढं बोलून ठेवून द्यायचे. मी एकदा टोकलं, तर म्हणाले, "सगळं नॉर्मल चालून राहिलं ना, मग कावून करू?" रात्री मात्र दोन माणसांचा भात टाकायचे आणि उरला की माझ्या मांजरीला आणून द्यायचे.

नातीच्या बारशाला ते जाणारच होते, पण ऐन वेळी कंबर धरली आणि तिकीट रद्द झालं. त्यांचा फोन बटनांचा, त्यामुळे पोरीचं तोंडही अजून पाहिलं नव्हतं. मग काकूंचा जुना लॅपटॉप कपाटातून निघाला. मुलाने व्हिडिओवर दाखवायचं कबूल केलं होतं, आणि काका सकाळपासून इस्त्रीचा शर्ट घालून, कमरेला पट्टा बांधून बसले होते. पण लॅपटॉप काही केल्या वायफायला लागेना. मला बोलावणं आलं.

मी राउटर बंद करून चालू केला, पासवर्ड पुन्हा टाकला, जे येत होतं ते सगळं केलं. माझ्या मोबाइलवर तेच वायफाय धावत होतं, म्हणून म्हटलं, काका, यावरच बघा. त्यांना ते पटेना. ज्या मशीनवर काम ठरलं, त्याच मशीनवर ते होईल. उलट माझीच चौकशी लावली, की राउटरवर ओलं कापड कोणी ठेवलं होतं, मशीन गरम असताना कोणी हलवलं. तिकडे पाळण्याची वेळ होत आली. शेवटी वैतागून मी लॅपटॉप उलटा केला.

त्याच्या पोटाला लाल टॅग चिकटवलेला होता. पुढच्या कडेला वायरलेसचं एक बारीक सरकतं बटन असतं, ते बंद करून त्यावर चिकटपट्टी मारलेली. टॅगवर काकूंच्या गोल अक्षरात 'काम चालू आहे' आणि खाली त्यांचं नाव.

मी पट्टीला नख लावलं, तोच काकांनी माझं मनगट धरलं. "हात नको लावू. लावणाऱ्याले विचारा लागते."

मी खूप विनवलं. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, पण जागचे हलले नाहीत. "याच नियमापायी मी रोज घरी परत आलो, पोरी." आणि मग, या दोन महिन्यांत पहिल्यांदा, त्यांनी स्वतः फोन लावला.

पलीकडे बायकांचा गलका. काकांनी ड्युटीवरच्या आवाजात विचारलं, टॅग कशासाठी?

काकू म्हणाल्या, "टॅग दिसला की लावणाऱ्याले फोन करा लागते, तुमीच शिकवलं ना? मले वाटलं, मी गेल्यावर दुसऱ्याच दिवशी उघडाल."

काका दोनदा खाकरले आणि म्हणाले की परवानगी द्यायची तर काढणाऱ्याचं नाव स्पष्ट घ्यावं लागतं. काकूंनी नवऱ्याचं नाव आजवर उखाण्याशिवाय घेतलेलं नव्हतं. तेच त्यांनी त्या भरल्या घरात खणखणीत घेतलं आणि टॅग काढायला सांगितलं. तिकडे बायका खो खो हसल्या. ते नाव मी इथे लिहीत नाही, ते काकूंनीच घ्यावं.

बटन सरकवलं, दिवा निळा झाला आणि पडद्यावर नात आली, गाढ झोपलेली. काकांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला. "पाळण्याची गाठ एकदा पाहून घ्या," एवढंच म्हणाले आणि रडायला लागले. मीही रडले, खोटं कशाला बोलू?

काकू अजून पुण्यालाच आहेत. बाळ लहान आहे, लवकर काही येणार नाहीत. काका आता रोज संध्याकाळी फोन करतात. परवा मी गेले तेव्हाही बोलणं चालू होतं, म्हणून व्हरांड्यातल्या काकूंच्या वेताच्या खुर्चीवर टेकायला गेले, तर तिच्या हाताला लाल टॅग बांधलेला, काकांच्या नावाचा. मी मुकाट्याने पायरीवर बसले.