पावरी समजणारी कुत्री

नंदुरबारच्या एका बंगल्यात राहायला गेलेली कुत्री अकराव्या दिवशी तुरुंगात परत आली. सोबत चिठ्ठी होती. शिपाई राजेंद्र यांनी ती मोठ्याने वाचली. "गुणी आहे, चावत नाही, घरात घाण करत नाही. पण ठार बहिरी आहे."

करमसिंग पावरा मान खाली घालून ऐकत होता. धडगावच्या वरच्या डोंगरातला हा माणूस, वय पंचेचाळीसच्या आसपास. बांधावरच्या भांडणात त्याच्या हातचं लाकूड चुलतभावाच्या डोक्यात बसलं, चुलतभाऊ गेला, आणि करमसिंग चार वर्षं एका तारखेवरून दुसऱ्या तारखेवर ढकलला जात होता. आता तर तारीख विचारायचंही त्याने सोडलं होतं.

हिवाळ्याच्या सुरुवातीला प्राण्यांच्या निवाऱ्याच्या डॉक्टर रुचिका यांनी आठ कैद्यांच्या हाती एकेक कुत्रं दिलं. चार महिन्यांत शिकवायचं, मग कुणी घरी नेलं तर नेलं. नाही नेलं तर जिथून उचललं तिथे परत सोडायचं, असा नियम. करमसिंगच्या वाट्याला आलेली तांबूस कुत्री अक्कलकुव्याच्या हायवेवर सापडली होती. ट्रकखाली मागचा पाय मोडला होता, तो जुळला पण वाकडाच राहिला. त्या पायाने ती हायवेवर चार दिवससुद्धा काढणार नाही, हे करमसिंगला कळत होतं. कागदावर तिचं नाव ब्राउनी. त्याच्या तोंडी ते बावनी झालं.

बुधवारी रुचिका आल्या. त्यांनी कुत्रीच्या पाठीमागे स्टीलची थाळी आपटली. कुत्री हातभर उडाली.

"कान तर चांगले आहेत," त्या म्हणाल्या. "ब्राउनी, ये! ये इकडे!"

बावनीने शेपूट हलवलं आणि जागच्या जागी उभी राहिली.

करमसिंग भिंतीशी बसला होता. तो हळूच म्हणाला, "आव."

कुत्री लंगडत धावली आणि त्याच्या पायाशी येऊन बसली.

पहिल्यांदा हसला तो भिला. शहाद्याकडचा, त्याच बराकीतला, तोंडाने फटकळ. "करमभो, तुन्ही कुत्री बहिरी नही रे! तिले मराठी येत नही!"

रुचिकांनी कपाळाला हात लावला. "कुठल्या भाषेत शिकवलंत हिला?"

"माझ्या. पावरीत."

"अहो, मराठीत का नाही?"

करमसिंगने थोडा विचार केला. "मराठी कोर्टात बोलतात, मॅडम."



चार महिन्यांच्या मुदतीचे अठरा दिवस उरले होते. प्रकाशा गावच्या कौसाबाई मळ्यातल्या घरात एकट्या राहत. त्यांचा कुत्रा म्हातारा होऊन मेला होता, आणि त्यांचा मुलगा हेमकांत दुसऱ्याच्या शोधात होता. लंगडी चालेल, म्हणाला, पण आईचं ऐकणारी हवी. आई घरात अहिराणीशिवाय दुसरं बोलत नाही. तेव्हा बावनीला अहिराणी शिकवायचं ठरलं, आणि करमसिंगला शिकवायला भिला.

"आठे ये," करमसिंग म्हणे, म्हणजे इकडे ये.

"असं नही रे! तू तं फौजदारना मायक हुकूम सोडी ऱ्हायना. म्हतारी बाई बलावस तसं बलाव. आठे ये वं माय!"

मग मिशीवाला करमसिंग आवाज बारीक करून "आठे ये वं माय" म्हणे आणि सारी बराक पोट धरून हसे. तो हसत नसे. बिस्किटाचा तुकडा पुढे धरून पुन्हा म्हणे. दिवसातून शंभरदा.

ते जमण्यासारखं होतं. जड होतं ते दुसरंच. रुचिकांनी बजावलं होतं, जुना शब्द एकदा जरी कामाला आला तरी ती नवा धरणार नाही. म्हणजे कुत्रीशी पावरीत बोलणं बंद. बराकीत आणखी दोघे पावरा होते, पण त्यांच्याशी बोलायचं ते केसचं: वकील, जामीन, साक्षीदार. बाकीचं तो बावनीला सांगायचा. मोहाची फुलं पडायला लागली असतील. घरावरची कौलं यंदा कोण शाकारणार. आता संध्याकाळी ती येऊन त्याच्या मांडीवर हनुवटी ठेवी, वाट बघे, आणि तो तोंड मिटून तिच्या वाकड्या पायाला तेल चोळत बसे. सोळा दिवस त्याने असे काढले. त्याला जेवण जाईना. राजेंद्रांनी विचारलं तर म्हणे, थकवा आहे, बाकी काही नाही.

सतराव्या दिवशी कौसाबाई आल्या. त्या अंगणाच्या त्या टोकाला लिंबाखाली उभ्या राहिल्या, मधे बावनी, या टोकाला करमसिंग.

"आठे ये वं माय," कौसाबाईंनी हाक मारली.

बावनीने कान टवकारले. त्यांच्याकडे पाहिलं, आणि मग मान वळवून करमसिंगकडे.

"ये ना वं!"

ती दोन पावलं आली ती करमसिंगच्या दिशेने. हेमकांतने घड्याळ पाहिलं. रुचिकांनी ओठ आवळले.

करमसिंगने तिच्याकडे पाठ फिरवली. भिंतीकडे तोंड केलं आणि दोन्ही हात छातीशी घट्ट बांधले, ती जणू त्याची कुणीच नव्हती. पाठीमागे बराच वेळ काही हाललं नाही. मग वाकड्या पायाचा घासत जाण्याचा आवाज आला, आधी सावकाश, मग भरभर, आणि तो लांब गेला.

"हाई तं मन्हं ऐकस!" कौसाबाई म्हणाल्या. "ये, ये. कितली रोडायनी वं तू."

कागदांवर सह्या झाल्या. गाडीचं दार लागलं. करमसिंग तसाच उभा होता.

"गई का?" त्याने भिंतीलाच विचारलं.

"गेली," राजेंद्र म्हणाले. "ये आता, चहा आलाय."

"येतो," तो म्हणाला, पण वळायला त्याला वेळ लागला.