हलकी चाकं आन् कयाधूचं पानी

आमचं घर कयाधूच्या अल्याड आन् खवा घेनारं हॉटेल पल्याड, हिंगोलीत. दोन म्हशी व्हत्या. मी दूध आटवायची, मालक पहाटं खव्याची पाटी सायकलला बांधून निघायचे. तवा निजामाचं राज व्हतं आन् आमच्या वाटंवर पूल न्हवता. नदी आली की पाटी डोक्यावर, सायकल खांद्यावर, आन् मालक पान्यात. सायकल म्हंजी निस्तं लोखंड. घरी आले की खांदा बैलाच्या मानेवानी सुजलेला असायचा.

एक डाव पाय घसरला. पाटी वाचली, सायकल दगडावर पडली आन् दोन्ही चाकं पापडावानी वाकली. मालक पायी जायला लागले, खवा उशिरा पोचायला लागला. हॉटेलवाला म्हनला, "भट्टी कोनासाठी थांबत न्हाई. मंगळवारी बाजार हाय. त्या दिवशी वक्तावर आलात तर तुमचा खवा, न्हाई तर दुसरा मानूस पाहून ठेवला म्या." आमच्या घरचं तेल-मीठ त्या खव्यावरच. शेत व्हतं, पन त्यात दगडंच जास्त.

म्हनून आमी दोघं चाकं घ्यायला हिंगोलीला गेलो. नवी चाकं आमच्या ऐपतीत न्हवती, आन् तिकडं विलायतेकडच्या लढाईमुळं मिळतही न्हवती. सायकलवाल्याकडं जुन्या दोन जोड्या टांगलेल्या. एक जाडजूड, वझ्याच्या सायकलची. दुसरी बारीक, कोन्या साहेबाच्या सायकलची. म्या कधी सायकलला हात लावलेला न्हाई, पन पुढं झाले. दोन्ही उचलून पाह्यल्या. बारीक जोडी सुपावानी हलकी.

"हीच घ्या," म्या म्हनलं.

"भाभी, ये नाजूक है," सायकलवाला म्हनला. "चाकाच्या तारा ढिल्या झाल्यात. भारी वाली ले जाव, बरसों चलेगी."

"तुमी नदी वलांडता का रोज? हे वलांडतात."

मालक म्हनले, "अगं, तो रोज चाकंच पाहतो. त्याला काही कळत असंल."

"आन् तुमचा खांदा कोन पाहते? मीच ना शेकते!"

मालकांनी कनवटीचे पैसे काढून मोजले. पैसे थोडे कमी पडले तर म्या वरून शेरभर खवा कबूल केला. सायकलवाला म्हनला, "ठीक. पन तारा कसून घ्या, त्याचे पैसे अलग."

म्या हासले. "भाई, आमच्या गावात चाकं फुकट कसतात."

तो माझ्याकडं पाहतच राह्यला. म्या मनात म्हनलं, बघ, शहरच्या मानसाला ठावं न्हाई.

आता उन्हाळ्यात बैलगाडीचं चाक सुकतं, आऱ्या खिळखिळ्या व्हतात. मंग आमी ते डोहात टाकतो, वर दगडं ठेवतो. लाकूड फुगतं आन् चाक गच्च बसतं. माझ्या बापानं असंच केलं, सासऱ्यानं असंच केलं. साहेबाची चाकं वाजत व्हती खिळखिळ. सोमवारी मालक शेतात गेले आन् मी चाकं घेऊन डोहावर. चांगली खाली दाबली. वर दगड ठेवले, तेही निवडून, गुळगुळीत. चाकाला खरचटू नये म्हनून!

दिवस बुडताना मालक पाना घेऊन बसले.

"चाकं कुठं हायेत?"

"डोहात."

"कशात?"

"डोहात, भिजू घातलीत. सकाळपासून मुरली, आता गच्च झाली असतील."

मालकांनी पाना खाली ठेवला. म्हनले, "अगं, त्यात लाकूड कुठं हाय फुगायला?"

तवा माझ्या डोक्यात उजेड पडला. पन चाकं तर पान्यात.

काढून आनली. आसाच्या भोकातून रेती गळायली. मालकांनी पुसलं, करडीचं तेल वतलं, सायकलला बसवलं. जरा ढकललं की खर्रर्र करायचं आन् अडकायचं. दोन्ही तशीच. आन् तारा पहिल्यापेक्षा जास्त वाजायल्या.

मंगळवारी पहाटं पाटी माझ्या डोक्यावर आन् सायकल मालकांच्या खांद्यावर, दुरुस्तीला न्यायची म्हनून. नदीत तर ठीक, पन पल्याड कोरड्या सडकंवर बी खांद्यावरच. बाजाराला जानारे गाडीवान थांबून पाहायचे.

"काहो पाटील, सायकल थकली काय?"

"न्हाई," मालक म्हनले, "तिचं न्हानं झालं काल."

मी पदर वढून घेतला आन् पाय उचलले. पन हॉटेलात पोचलो तर भट्टी पेटलेली, कढईत दुसऱ्याचा खवा. हॉटेलवाल्यानं सायकल पाह्यली. "खांद्यावर काहून?" मला बोलल्याबिगर राहवलं न्हाई. "म्या चाकं भिजू घातली व्हती," म्हनलं. सारं हॉटेल हासलं. तो बी डोळे पुसूपुसू हासला, पन खवा घेतला न्हाई. म्हनला, "बाई, मी जबान देऊन बसलो."

मालक सायकल घेऊन दुकानाकडं गेले. मी पाटी घेऊन बाजारात एका लिंबाखाली बसले. खवा परत न्यावा तर उन्हानं वाया जानार. पळसाची पानं तोडून आनली आन् इवला इवला खवा पानावर ठेवला. कोनी येईना. मंग ते गाडीवान आले, हॉटेलातले आले, त्यांनी बाकीच्यांना सांगितलं. "हीच ती, सायकल भिजवनारी." पाहायला यायचे, उभ्याउभ्या हासायचे, आन् हासून झालं की खवा घ्यायचे. रिकाम्या हातानं कसं जावं, असं वाटत असंल. ऊन तापायच्या आधी पाटी रिकामी.

सायकलवाल्यानं चाकं खोलून रेती काढली, तारा कसल्या. पैसे अलगच घेतले, शेरभर खवाही सोडला न्हाई. हॉटेल काही परत मिळालं न्हाई. पन चाकं हलकी ती हलकीच. मालक नदी वलांडायचे, मागं मी लुगडं खोचून. दर मंगळवारी मी त्याच लिंबाखाली बसायला लागले. पाटी टेकली न टेकली की कोनीतरी विचारायचंच, "काय मावशी, आज काय भिजू घातलं?"

"आदी खवा घ्या," मी म्हनायची, "मंग सांगते."